धोंडूनानांचं वारं

धोंडूनाना रस्त्यात भेटले की "काय, बरं आहे ना?" असलं काही विचारत नसत. दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, जवळच्या दगडी गडग्याला पाठ लावून उभं राहायचं आणि समोरच्याच्या डोक्यावरून कुठेतरी बघत विचारायचं, "वर की खाली?"

मी त्या गावच्या शाळेत नुकतीच रुजू झाले होते. पहिल्याच सकाळी पाणंदीत त्यांनी मला हा प्रश्न टाकला. मला वाटलं, वाटेबद्दल विचारतायत. "वर जातेय, शाळेत," मी म्हटलं. नाना बाजूला सरकले, हवेत एक न दिसणारा दरवाजा सरकवला आणि म्हणाले, "या." मी त्या दरवाज्यातून गेले. जायचं नाही तर काय करायचं? माझ्या मागे त्यांनी तो नीट लावूनही घेतला.

मग कळलं की नानांनी उभा जन्म मुंबईत लिफ्टमन म्हणून काढला होता. एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत, जाळीच्या दरवाज्याच्या लिफ्टमध्ये, स्टुलावर बसून. निवृत्त होऊन ते गावी आले, पण लिफ्ट त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. चार माणसांपेक्षा जास्त माणसं ओटीवर बसली की ते अस्वस्थ होत. बोलताना कुणाच्या तोंडाकडे बघत नसत, कारण लिफ्टमध्ये सगळेच दरवाज्याकडे तोंड करून उभे असतात. आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीची चौकशी त्यांच्याकडे एकाच प्रश्नाने होई. "ताप वर की खाली?" "तांदळाचा भाव वर की खाली?" माझी बदली व्हायची बातमी उठली तेव्हाही त्यांनी तेच विचारलं, आणि खात्याच्या कारभाराबद्दल इतका नेमका प्रश्न मला आजवर दुसऱ्या कुणी विचारलेला नाही.

"पेटीत मानसं असतात, बाई," ते एकदा म्हणाले होते. "सायेब असतात, टायपिस्ट असतात, पोष्टमन असतो. वारा नसतो. वर एक इवलासा पंखा व्हता, त्यो निस्ता आवाज करी."

आमचं गाव रत्नागिरीहून एसटीने तासाभराच्या अंतरावर. खाली खाडीकाठची वाडी, आणि वर सडा. सडा म्हणजे सगळा उघडा जांभा कातळ, त्यावर गवत, चारदोन काजू, आणि बाकी नुसता वारा. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे जाणारी मतलई, दुपारनंतर समुद्रावरून येणारं खारं वारं. नानांचं घर सड्याच्या काठाला, कातळाच्या उभ्या धसाला टेकून बांधलेलं. इतकं टेकून, की मागच्या खोलीची एक भिंत म्हणजे कातळच. त्या खोलीला खिडकी नव्हती आणि पाडायला जागाही नव्हती.

त्या खोलीत नानी होत्या.

नाना मुंबईत असताना नानींनी ते घर, ती भातजमीन आणि तो सडा एकटीने सांभाळला. सड्यावरचं गवत कापायला त्या दिवस दिवस वर असायच्या. नाना वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. शिमग्याला आले की नानी त्यांना सड्यावर घेऊन जायच्या. "हिचा पदर कदी जाग्यावर नसायचा," नाना सांगायचे, "आनि मी आपला टोपी धरून उबा. ही हसायची माज्यावर. म्हनायची, तुमाला वारं सोसत न्हाय, तुमी पेटीतले."

नाना कायमचे गावी आले आणि वर्षाच्या आत नानींच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, एकेक शब्दाला वेळ लागू लागला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी जे करायचं ते केलं आणि घरी न्यायला सांगितलं. नानींना ओटीवर आणायचं म्हटलं की त्या तोंड कातळाकडे फिरवीत. ओटीवरून गावाची जा-ये. आपलं वाकडं तोंड गावाने बघू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. पहिला वैशाख त्यांनी त्या कोंडलेल्या खोलीत काढला. नाना विंझण्याने वारा घालीत बसायचे. एके दिवशी नानी म्हणाल्या, "नको. ह्यो घरातलाच. फिरून फिरून त्योच." मग पुष्कळ वेळाने, "मला सड्यावरचा पायजे." आणि पुढचा वैशाख काही मी इथे काढायची नाही, असंही म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी जेवण निम्म्यावर आणलं.

नाना रोज सकाळी त्यांच्या उशाशी जाऊन विचारत, "आज वर की खाली?" नानी म्हणत, "खाली."

आता हे सगळं माहीत असल्यावर नानांनी जे आरंभलं त्याला हसू नये. पण आम्ही हसलो. सगळं गाव हसलं, आणि मी त्यात पुढे होते, कारण मी शाळेत विज्ञान शिकवत होते.

झालं असं. नानांच्या पुतण्याने आखातातून आणलेला टू-इन-वन, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, बिघडून पडला होता. नानांनी तो उघडला. दुरुस्त करायला नव्हे. आत बसून कोण गातं ते बघायला, असं दुकानदार म्हादेव म्हणे. आतली छोटी मोटर त्यांनी काढली, तशीच दुसरी कुठूनशी मिळवली, दोघींच्या वायरी एकमेकींना जोडल्या आणि एकीचा दांडा बोटांनी गर्रकन फिरवला. तर दुसरी आपसूक फिरली!

नाना धावत शाळेत आले. वर्ग चालू होता. दारात पाठ टेकून, फळ्याकडे बघत म्हणाले, "बाई, हिकडं फिरवला की तिकडं फिरतंय. वायरीतनं जातंय ते." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी समजावलं की एक मोटर फिरवली की वीज तयार होते, ती वीज दुसरीला फिरवते, वगैरे. नानांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे मी सड्यावर वाऱ्यानं एक फिरवली, आनि खोलीत दुसरीला पंखा लावला, तर?"

"तर पंखा फिरेल."

"म्हंजे सड्यावरचा वारा खोलीत."

"नाही हो नाना! वाऱ्याची वीज, आणि विजेवर पंखा. पंखा खोलीतलीच हवा फिरवणार."

"पन हिकडनं घातला वारा, तिकडनं निगाला वारा. मदी वीज का असंना."

यावर मला उत्तर होतं. मी ते दिलंही, फळ्यावर आकृती काढून. ते त्यांनी चार माणसांच्या वर पाचवा माणूस लिफ्टमध्ये शिरावा तशा नजरेने बघितलं आणि निघून गेले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं: धोंडूनाना वाऱ्यावर पंखा चालवणार आणि पंख्यातून वारा काढणार. म्हादेवाच्या दुकानात हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "नानानू, मंग पिठाची गिरन काडा," म्हादेव म्हणाला, "पीठ दळा आनि त्याचे तांदूळ करा." सड्यावर विजेचे खांब येईपर्यंत थांबा, असंही लोकांनी सांगून बघितलं. खांब मंजूर झाले होते, आणि मंजूर झालेली गोष्ट आमच्याकडे निवांतच असते.

नाना थांबले नाहीत. त्यांनी आपली सायकल कातळावर नेली, नानींच्या खोलीच्या बरोब्बर डोक्यावर. पुढचं चाक काढलं, मागचं हवेत राहील अशी लाकडी घोडी केली. एका बाजूचं पायडल काढून तिथे पाती बसवायची. पाती वाऱ्याने फिरली की साखळी फिरणार, साखळीने मागचं चाक भरभर फिरणार, आणि चाकाला घासून मोटर. टू-इन-वनच्या मोटरी आता खेळण्यातल्या वाटू लागल्या, म्हणून रत्नागिरीच्या भंगारातून दोन जाड जुळ्या मोटरी आणल्या. एक वर, एक खाली. मधली वायर कौलातून आत. खालच्या मोटरीला डब्याच्या पत्र्याचा पंखा. इथपर्यंत सगळं झोकात झालं. अडलं ते पात्यांवर.

पहिली पाती केली सुपारीच्या विऱ्यांची, झावळीच्या बुडाच्या सुक्या सालींची. ती पहिल्या झुळकेला वाकली आणि दुसऱ्या झुळकेला त्यांनी नमस्कार केला. मग रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याची केली. ती फिरली, पण असा आवाज करीत की गावातली कुत्री तोंड वर करून रडू लागली आणि म्हादेवाची म्हैस आटली. म्हैस आधीच आटली होती, पण म्हादेव ते कबूल करीना. मग आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या लावल्या. खाऱ्या वाऱ्याने त्यातली एक उडवली आणि ती माझ्या न्हाणीच्या पत्र्यावर येऊन आदळली. मी आत होते. जीव मुठीत धरून बाहेर आले तर नाना गडग्यापाशी उभे, हात मागे. "बाई, पातं वर की खाली?"

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. विज्ञान, वय, सायकलची किंमत, सगळं काढलं. शेवटी म्हटलं, "अहो, एवढं करून वारा तो खोलीतलाच!"

नाना पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून बोलले.

"बाई, हिच्या अंगावरनं वारं गेलं, असं डाक्टर बोलतो, तुमी बोलता, सगळा गाव बोलतो. व्हय ना? मंग गेलं ते गेलं कुटं? जल्लं कुटंतरी असंल ना! सड्यावरचंच व्हतं ते. हिला वळकतंय. त्याला आत यायला वाट न्हाय, म्हून मी वाट करतंव."

एवढं बोलून त्यांनी ती फळी काखेत मारली आणि गेले. मी ओल्या केसांनी तिथेच उभी राहिले. आपण रोज बोलतो ती भाषा कुणीतरी इतकी खरी मानून चालतो, हे मला नवीन होतं. त्या रात्रीपासून मी म्हादेवाच्या दुकानात हसायचं सोडलं.

शेवटी खालच्या बंदरावरच्या एका तांडेलाने नानांना मोडक्या होडीची जुनी वल्ही दिली. गावच्या सुताराने ती रंधून हलकी केली. वल्ह्याचं पातं मुळातच जरासं वळलेलं, सगळा जन्म पाणी कापलेलं. वाऱ्याचं त्याला काय! ती चार वल्ही सायकलीला लागली आणि कातळावर ते उभं राहिलं तेव्हा खालच्या वाडीतून असं दिसे, की कुणीतरी आभाळात होडी घातलीय आणि आता कुठल्याही क्षणी ती निघेल. संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी त्याच्याकडे बघत बसायची. माझ्या पुष्कळ वह्या त्या दिवसांत तपासायच्या तशाच राहिल्या.

नानांनी दिवस ठरवला आणि म्हादेवाला सांगून आले, "परवा तिसऱ्या प्रहराला वर या समदी. माज्याकडं वारं यायचं हाय."

आता आमच्याकडे वारं येतं म्हणजे देव अंगात येतो. ही साधी गोष्ट नानांच्या ध्यानात आली नाही, कारण मुंबईच्या लिफ्टमध्ये कुणाच्या अंगात येत नाही. परवाच्या दिवशी सगळी वाडी नारळ, उदबत्त्या आणि कापूर घेऊन सड्यावर हजर! नाना भारावून गेले. उद्घाटनाला गाव एवढं मानाने येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. मी पुढे होऊन खुलासा करणार, तेवढ्यात समुद्रावरून खारं वारं उठलं. वल्ह्यांनी आधी एक आळस दिला, मग फिरू लागली, मग एकमेकांत मिसळून गेली आणि नुसतं एक धुरकट वर्तुळ राहिलं. लोकांनी हात जोडले. नाना सायकलला धरून थरथरत होते, डोळ्यांतून पाणी. लोकांना जे बघायचं होतं ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

एक म्हातारी पुढे आली, पायाशी नारळ ठेवला. "देवा म्हाराजा, माजा पाडा हरवलाय. कुटं गेला सांग."

नाना भानावर नव्हते. सवयीने म्हणाले, "वर की खाली?"

"वर गेला आसंल, म्हाराजा."

"मंग वर."

पाडा वरच सापडला, काजूच्या सावलीत रवंथ करत बसलेला. त्यानंतर नानांकडे नारळांना कधी तोटा पडला नाही.

मला मात्र खालचं बघायचं होतं. मी गर्दीतून निघून खोलीत गेले. डब्याच्या पत्र्याचा तो ओबडधोबड पंखा नानींच्या पायथ्याशी फिरत होता. जोरात नाही; एखादं पान उलटेल एवढाच. नानी कातळाकडे तोंड करून पडलेल्या असायच्या, त्या आज इकडे वळल्या होत्या. कपाळावरची एक पांढरी बट हलत होती. त्यांनी डावा हात उचलला आणि पदर सावरला. गरज नव्हती, पदर उडण्याइतका तो वारा नव्हता. पण त्यांनी सावरला.

त्यानंतर त्यांचा दिवस वाऱ्यावर ठरू लागला. नाना कातळावरून कौलातल्या फटीत तोंड घालून सांगायचे, "आज मतलई!" "खारं सुटलं गो!" आणि खालून नानी विचारायच्या, "कंचा म्हनलात?" जेवण थोडं थोडं वाढलं. मी चौकशी केली की नाना म्हणायचे, "मदल्या मजल्यावर हाय."

वैशाख आला. मे महिन्याच्या सुट्टीत मी एकदा सकाळी उशिरा त्यांच्याकडे फणसाचे गरे घेऊन गेले. मतलई संपलेली आणि खारं वारं अजून सुरू व्हायचं असलेलं, असा तो मधला वेळ. आमच्याकडे त्याला वारा पडला म्हणतात. गवताची काडी हलत नव्हती. कातळ तापून त्यावरची हवा थरथरत होती आणि घामाने माझे डोळे चुरचुरत होते. मनात म्हटलं, बिचाऱ्या नानी.

खोलीत गेले तर पंखा फिरत होता.

मला वाटलं, भास झाला. हात पुढे धरला. वारा लागला. दारातून बाहेर बघितलं: काजूचं एक पान हलत नव्हतं.

"कंचा हो आज?" नानींनी वर विचारलं.

जरा वेळाने कौलातून आवाज आला, "दखीनचा! दखीनचा... सुटलाय!"

मी घराला वळसा घालून मागच्या कातळावर चढले. सायकलीचं एका बाजूचं पायडल नानांनी काढलं होतं, दुसऱ्या बाजूचं तसंच होतं, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. डोक्यावर ओला पंचा टाकून, गुडघे टेकून, नाना तापल्या कातळावर बसले होते आणि दोन्ही हातांनी ते पायडल फिरवत होते. तोंड लाल झालेलं. डोक्यावर, स्थिर आभाळात, चार वल्ही सावकाश फिरत होती. त्यांनी मला बघितलं नाही. ते नेहमीप्रमाणे समोर बघत होते, जिथे दरवाजा असायला हवा तिथे.

मी परत आत आले. गऱ्यांचं ताट नुसतंच इकडचं तिकडे केलं.

"बगितलात?" नानी म्हणाल्या.

मी मान हलवली.

"ह्या वाऱ्याला धाप लागते, बाई." एकेक शब्द जुळवत त्या बोलत होत्या. "मदीच दमतो. मंग परत येतो. खऱ्या वाऱ्याला कुटं धाप लागते?" "त्यांना बोलू नका हां."

"नाही बोलत."

पंखा अडखळला, पुन्हा फिरला, पुन्हा अडखळला. नानींच्या गळ्यावर घामाच्या धारा होत्या. त्यांनी सगळा जोर करून वर हाक मारली, "अवो! पुरं! थंडी वाजते मला!"

पंखा हळूहळू थांबला.

थोड्या वेळाने नाना आत आले. पंच्याने तोंड पुसून, श्वास जागेवर आणून, जणू परसातून भाजी आणून दारात उभे राहावेत तसे. "थंडी वाजली?" त्यांच्या आनंदाला पारावार नव्हता. "बगा बाई, वैशाखात थंडी वाजली हिला! खोलीतल्या वाऱ्यानं कदी थंडी वाजंल काय?"

"नाही वाजणार," मी म्हटलं. विज्ञानाच्या बाईने हे सांगितल्यावर नानांचं समाधान झालं.

त्यांनी दोरीवरची गोधडी काढली, झटकली आणि नानींच्या अंगावर पायापासून गळ्यापर्यंत नीट पांघरली, कडा चेपून. त्या तापलेल्या खोलीत, त्या वेळेला. डाव्या हाताने नानींनी ती गोधडी हनुवटीपर्यंत आणखी वर ओढून घेतली.

नाना कातळाला पाठ लावून उभे राहिले. हात मागे बांधले.

"आज वर की खाली?"

"वर," नानी म्हणाल्या.